एकशे दहा

कुरुविलाबाई कायमच्या कोट्टयमला गेल्या तेव्हा
कोपरखैरण्यात आमच्या जिन्याखाली दोन पांढरे डबे उरले.
एक धुणारा, एक वाळवणारा.
भंगारवाल्याने पत्र्याचा भाव सांगितला: अकराशे.
मी बाराशे दिले.
शैला म्हणाली, शंभर रुपये जास्त मोजून कचरा आणला.

मशिनं दम्मामची. साल पंच्याऐंशी, बोटीने आलेली.
मागच्या पट्टीवर, गंजाखाली, एक आकडा: ११०.
म्हणजे इथल्या भिंतीतली वीज थेट पाजली
तर एका घोटात जळणार.
त्यांना आपला निम्मा दम पुरतो.
हे मला चटकन समजलं;
रबाळ्याची कंपनी बंद पडल्यापासून
मीही त्याच्याच आसपास चालतोय.

तुर्भे स्टोअरला मुनाफ ट्रान्सफॉर्मर गुंडाळतो.
चष्म्याची तुटकी काडी दोऱ्याने बांधलेली.
म्हणाला, काका, नवीन घ्या ना, हप्त्याने मिळतं.
मग वेढे मोजायला लागला
आणि मी मधे बोललो तर हातानेच गप्प केलं.

पहिला महिना नुसता खोलण्यात गेला.
बाल्कनीत कोरफडीच्या कुंडीला टेकून ड्रम,
चहाच्या बश्यांत स्क्रू, बशीखाली खडूचा नंबर.
बेल्ट कुठेच मिळेना. शेवटी घणसोलीच्या गिरणीवाल्याने
मसाल्याच्या चक्कीचा जुना काढून दिला;
त्याला हात लावला की अजून शिंक येते.
ऑइल सील रिक्षाचं बसलं, थोडं घासून.
वाळवणाऱ्याच्या पोटात
बोटभर जाड करडी गादी निघाली:
एका अख्ख्या घराच्या कपड्यांची झीज.
धुणाऱ्याच्या गाळणीत एक परदेशी नाणं,
शाळेच्या गणवेशाचं बटण
आणि दुधाचा दात. की शिंपल्याचा तुकडा?
मी फार निरखलं नाही. पुडी बांधून ठेवली.
कोट्टयमचा पत्ता कुणाकडे तरी असेल.

शैला येता-जाता ओलांडत होती
पान्यांना आणि मला, सारखंच.
सव्वीस वर्षं तिने माझा बॉयलर सूट
मोरीत बसून ब्रशने घासला.
तेव्हाही दुकानात मशिनं होती.
मी म्हणायचो, बोनस आला की.
हे ती बोलली नाही.
म्हणाली, तो पाना उचल, पाय ठेवायला जागा नाही.

बुधवारी, पाणी आल्यावर,
ट्रान्सफॉर्मर घुमला. डबा खाकरला,
वीतभर पुढे चालत आला, थांबला, मग
फिरला.
चार फेरे उजवे, चार डावे.
खालच्या मढवींनी ओरडून विचारलं,
गिरणी टाकली काय?

पहिलं धुणं म्हणून मी ट्रंकेतून सूट काढला.
निळा. खिशावर कंपनीचं नाव, तीन अक्षरं उसवलेली.
पाणी आधी निळं झालं, मग चहासारखं,
मग पुन्हा निळं.
अकरा वर्षं घडीत दबलेला फिनॉलचा वास
घरभर उठला
आणि पाइपातून निघून गेला.
मशीन कधीच थांबलं होतं.
मी झाकणावर हात ठेवून उभा.

शैलाने सूट बाहेर काढला, कॉलर उजेडात धरली.
इथे राहिलाय मळ. नेहमीच्याच जागी.
मोरीत बसून तिने ब्रशचे चार हात मारले,
पिळला,
आणि दोरीकडे जाता जाता वळली.
त्याला किती वेळ लागतो?
चाळीस मिनिटं, मी म्हटलं. चाललं तर.

ती स्टूल ओढून समोर बसली.
काचेपलीकडे रिकाम्या बाह्या
वर जायच्या, कोसळायच्या,
पुन्हा वर.
आत माणूस असता तर दमला असता, ती म्हणाली.
बटणं काचेवर टकटक करत होती.
ती उठली नाही.